मालनच्या घरातला ठसका

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते मला विचारा. तेव्हा मालनकडे दर शनिवारी काय चालायचं, हे माझ्याइतकं चवीने कोण सांगणार?

मालन मसाल्याच्या डंकावर मिरच्या कांडायला जाते. लेक प्राची ऑटिस्टिक, बोलत नाही. समजतं सगळं. तरी चाळ तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलणार, जशी काही ती मोरीतली बादली!

शनिवारी दिवेलागणीला शेजारच्या नलूमावशी हजर. स्वतःचे गुडघे सोडून सगळ्यांची दुखणी त्यांना कळतात. मीठ, मोहरी, मिरच्या प्राचीवरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकायच्या. ठसका लागला नाही, तर दृष्ट मोठी. मालनला तो कधी लागायचाच नाही. मग ती आणखी मिरच्या टाकायची. प्राची किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची.

"बघ, कशी बाहेर पडतेय!" पदर नाकाला लावून नलूमावशी म्हणायच्या.

मालन ना रडायची, ना चिडायची. हात तेवढे चालायचे.

मग शाळेतल्या रुचाबाईंनी प्राचीला टॅब दिला. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो.

"मालन, आता घरात दोघी गप्प आणि तिसरा बडबड्या गो!" मी चिडवलं. ती हसली नाही.

त्या शनिवारी मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या आणि टॅब बोलला, "नको."

"ती नाय, लागलेलं बोलतंय," नलूमावशी म्हणाल्या. "टाक अजून."

प्राचीने पुन्हा बोट ठेवलं. "नाक. दुखतं. नको."

मालन निखाऱ्यांवर वाकली. लांब श्वास घेतला. काही नाही. इतकी वर्षं मिरचीत काढलेलं नाक, त्याला काय कळणार?

"मावशी, तुम्हाला ठसका लागतोय?"

"लागतोय म्हणजे? कधीपासून जीव जातोय माझा!"

"मग दृष्ट कुठे होती?"

नलूमावशी चहा न घेताच उठल्या. चाळीच्या इतिहासात प्रथमच.

मालनने निखाऱ्यांवर पाणी ओतलं. लेकीजवळ गेली, तर ती सरकून खिडकीशी बसली. मालन होती तिथेच बसून राहिली.

पुढच्या शनिवारी मावशी आल्याच. सवय!

मालन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नका विचारू, तिला विचारा."

आमच्या चाळीत प्राचीला कुणी काही विचारल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. मावशी चाचरल्या. "करू काय गो, प्राची?"

"नको."

मावशी परत गेल्या. मालन तांदूळ निवडत राहिली.