पोटात गेलं तेवढंच

आंध्र राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षी माझे वडील हैदराबादच्या एका सरकारी दवाखान्यात अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते. मी मलकपेठहून रोज जात असे. नाकातल्या नळीतून त्यांना पातळ अन्न देत. तिथली एक पन्नाशीची नर्स मला आठवते. थकलेली, चालताना एक हात कमरेवर.

स्कॅनला नेताना नळी बंद करत, मग ती पुन्हा सुरू करायचं राहून जाई. तक्त्यावर मात्र ‘पूर्ण’ लिहिलेलं असे. बाबांचे दंड रोज बारीक होत होते. मी विचारलं, तेव्हा तिने अर्धी उरलेली बाटली दाखवली.

“कागज पो पूरा है, बेटा. पेट में आधाच गया.”

तिने ‘पूर्ण’ खोडून खरं होतं ते लिहिलं. राऊंडला आलेले मोठे डॉक्टर तिच्यावर सर्वांदेखत ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाकी का कब देना, सर?”

डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला. मग त्यांनी आहार वाढवून दिला.

महिन्याभराने बाबा धरून धरून का होईना, चालत घरी आले. ते पाहायला ती नव्हती. राज्याबरोबर कर्मचारीही वाटले गेले आणि तिची नेमणूक आंध्रात झाली होती. बाबा अजून नळीवर असतानाच एका दुपारी कारकून तिच्या बदलीचा कागद घेऊन सहीसाठी आला, तेव्हा ती बाबांच्या उशाशी बाटली धरून उभी होती.

“ठैरो,” ती म्हणाली, “खाना खा रहे ना उनो.”

कारकून भिंतीला टेकून उभा राहिला. बाटली रिकामी व्हायला बराच वेळ लागला.