दमयंतीची फिरती वही

साकोलीच्या स्टँडवर सकाळची लाखांदूर गाडी लागली की तिचे कंडक्टर मला लांबूनच हात करायचे. माझी शाळा स्टँडच्या पलीकडे, त्यामुळे रोजची गाठ होती. त्या दिवशी त्यांनी हात केला नाही. खाली उतरले, माझ्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "बाई, दिवाकरभाऊचा निरोप हाये. दमयंतीबाई गेल्या. काल दुपारी." मी त्यांना विचारलं, परतीची गाडी किती वाजता आहे? अकराला, ते म्हणाले. नऊ वर्षं मी त्याच गाडीने जात होते. वेळ मला पाठ होती. तरीही विचारलं... दुसरं काही सुचलं नसावं.

याला आता दोन महिने होतील. या काळात अनेकांनी मला तिच्याबद्दल विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी 'आंधळी होती, पण फार धीराची होती' एवढंच सांगून मोकळी झाले. हे खोटं नाही. पण ती यापेक्षा पुष्कळ जास्त होती, आणि आमच्यात जे घडलं ते कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

लाखांदूरपासून दोन कोस आत, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, असलेलं ते गाव. सत्तरच्या सुमारास आम्ही दोघी एकाच वर्षी तिथल्या शाळेत लागलो. मी पवनीकडची, शेतकऱ्याच्या घरची. ती त्याच गावची, बौद्ध वस्तीतली, तिच्या घरातली पहिली नोकरदार. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती मला जेवायला घरी न्यायची. माझ्या घरमालकिणीला ते रुचत नसे. दमयंतीला हे ठाऊक होतं, पण तिने आमंत्रण कधी थांबवलं नाही आणि मीही कधी चुकवलं नाही. तिच्या हातची लाखोळीची डाळ आणि भात, आणि जेवता जेवता ती करायची त्या मुख्याध्यापकांच्या नकला. इतकं हसायला मला पुढे कुणाबरोबरच आलं नाही.

तिसऱ्या वर्षी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की दिवस कलला की ती माझा दंड धरून चालते. आधी मला वाटलं, लाडाने धरते. मग फळ्यावर लिहिताना तिचा खडू फळा संपला तरी पुढे भिंतीवर जाऊ लागला, आणि मुलं हसू लागली. एक दिवस तिने स्वतःच सांगितलं, की तिला नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसतं, आणि ती नळी बारीक होत चालली आहे. कुणाला सांगू नकोस, म्हणाली. नोकरी जाईल. मी शब्द दिला, आणि पुढची दोन वर्षं आम्ही दोघींनी मिळून सगळ्या गावाला फसवलं. तिच्या वर्गाच्या वह्या मी तपासायची. हजेरीपटावर ती तोंडाने नावं घ्यायची आणि खुणा मी करायची. मुलं तिला आवाजावरून, चालीवरून, खोकल्यावरून ओळखू यायची. साहेब तपासणीला आले तेव्हा तर त्यांनी तिच्या वर्गाची शिस्त वाखाणली. आम्हाला त्याचा अभिमानही वाटायचा, हे आज कबूल करायला हवं.

मग तो पावसाळा आला. दुसरीची मुलं घेऊन ती गावाबाहेरच्या बोडीवर गेली होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. काठावर आंब्याच्या कोया लावायच्या होत्या. एक मुलगी हात धुवायला पाण्याशी उतरली आणि घसरली. दमयंती दहा पावलांवर उभी राहून मुलांना खड्डा किती खोल हवा ते सांगत होती. तिला काही दिसलं नाही. मुलं आधी गप्पच झाली, ओरडली नाहीत. पलीकडे बांधीत निंदण करणाऱ्या एका बाईने धावत येऊन मुलीला केसांना धरून ओढून काढलं. मुलगी वाचली. गावाने दमयंतीला दोष दिला नाही. लेकरू आहे, घसरतं, असंच सगळे म्हणाले. दमयंतीनेही आपल्या डोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी वर्गावर गेली, नावं घेऊ लागली आणि खुणा करायला मला हाक मारली...

मी खुणा केल्या. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

ते भले गृहस्थ होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तिला नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा वाळत चालला आहे आणि यावर औषध नाही. नोकरी गेली. नागपूरहून ती परतली त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात बाजेवर बसली होती. माझी पावलं तिने ओळखली.

"काहून सांगितलं तू?" तिने विचारलं. "मी सोताच सांगणार होती."

मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, "आता येऊ नको, कुसुम." मी उठून आले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तेवढंसं गाव, एकच विहीर, एकच वाट. मी दिसले, म्हणजे माझी चाहूल लागली की ती तोंड फिरवायची. उरलीसुरली नजरही त्याच काळात गेली.

त्या दोन वर्षांत ती सहा महिने नागपूरला होती. अंधांच्या एका शाळेत ब्रेल शिकली. हे सगळं मला तिच्या भावाकडून, दिवाकरकडून कळायचं. तिथे तिच्यासोबत पाच जण होते, सगळे मोठेपणी नजर गेलेले. निरोप घेताना त्यांनी ठरवलं की एक वही फिरती ठेवायची. वही म्हणजे जाड खाकी कागदांचा गठ्ठा. एकाने आपलं पान टोचायचं आणि टपालाने पुढच्याला धाडायचं. त्याने सगळ्यांची पानं वाचायची, आपलं जुनं काढून नवं घालायचं आणि पुढे पाठवायचं. ब्रेलला टपाल माफ असतं. अकोला, चंद्रपूर, वर्धा असा फेरा करून वही सहा-सात आठवड्यांनी आमच्या गावी यायची. ही माणसं पुन्हा कधी एकमेकांना भेटली नाहीत. पण तापलेलं तेल आवाजावरून कसं ओळखायचं, लुगड्याच्या उलट-सुलट बाजूला गाठ कशी मारून ठेवायची, नातेवाईक कीव करू लागले तर काय बोलायचं, हे सगळं त्या वहीत असे. आणि रडणंही असे. घरच्यांसमोर रडायची ज्यांना चोरी, ती माणसं वहीत रडून घेत.

अकोल्याचे बापूराव त्यांच्यात वडीलधारे. गिरणीत फिटर होते. परदेशात आंधळ्यांना वाट दाखवायला कुत्री शिकवतात, असं त्यांनी रेडिओवर ऐकलेलं. त्यांनी लिहिलं, की दोरी कामाची नाही, दोरीतून काही कळत नाही. ताठ दांडी हवी, म्हणजे कुत्रं वळलं, थांबलं, बिचकलं की ते हाताला समजतं. दमयंतीच्या मागे शाळेतली भुरी नावाची कुत्री पहिल्यापासून होती, तिच्या डब्यातल्या पोळीसाठी. दमयंतीने मोच्याकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला आणि गावच्या बुरडाकडून बांबूची वाकवलेली दांडी. मग महिनाभर ती आणि भुरी घर ते विहीर, विहीर ते घर. गाव हसलं. भुरीही काही गुणाची पुतळी नव्हती. बकरी दिसली की धावायची, आणि बाजाराच्या दिवशी दमयंतीला थेट मटणाच्या दुकानापुढे नेऊन उभी करायची. दमयंती दोनदा पडली, एकदा दात हलला. बापूरावांना तिने ते कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, की पडणं तुम्हाला दोघींनाही शिकायचं आहे.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. मी धुऱ्यावरून, म्हणजे दोन बांध्यांमधल्या अरुंद बांधावरून, शाळेतून घरी निघाले होते. समोरून दमयंती येत होती, पुढे भुरी. आमच्या दोघींच्या मध्ये धुरा फुटला होता, हातभर रुंदीच्या खांडातून पाणी वाहत होतं. मी आपोआप 'थांब' म्हणणार होते, पण शब्द तोंडातच अडवला. माझा आवाज तिला नको होता ना... भुरी खांडापाशी आली आणि आडवी उभी राहिली. दमयंतीने पुढे रेटलं. भुरी हलली नाही. दमयंतीने रागाने पुन्हा रेटलं, आणि ती कुत्री जागची ढिम्म हलली नाही, उलट अंगाने तिला मागे ढकलू लागली. मग दमयंतीने दुसऱ्या हातातली काठी पुढे टाकून पाणी चाचपलं. जराशाने, मान तशीच खाली ठेवून, ती म्हणाली,

"कुसुम, तू उभी हायेस ना तिकडं? भुरीची शेपटी हलून हलून माह्या पायाले लागून राहिली. कोणाची ओळख पटली तिले?"

मी हो म्हटलं.

"मंग हात दे. किती रुंद हाये सांग."

मी हात दिला. ती अलीकडे आली, भुरीने उडी मारली, मी आल्या वाटेने माघारी वळले आणि आम्ही तिघी शाळेपर्यंत एकत्र गेलो. झालेल्या गोष्टीबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढेही कधीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. मैत्री पुन्हा जुळली, शनिवारचं जेवण सुरू झालं, नकला सुरू झाल्या. पण तिने मला माफ केलं की नुसतं चालवून घेतलं, हे मला कळलं नाही.

मुख्याध्यापकांनी तिला दुपारचा एक तास दिला, पाढे आणि गोष्टींचा. भुरी वर्गाच्या दारात बसायची. नंतर माझी साकोलीला बदली झाली. माझी पत्रं दिवाकरने तिला वाचून दाखवावीत हे मला नको होतं, म्हणून मी तिच्याकडून ब्रेल शिकले. पाटीवर कागद अडकवून टोच्याने एकेक ठिपका उलट्या बाजूने टोचायचा. माझ्या चुका एवढ्या, की ती म्हणायची, तुझं पत्र वाचताना बोटाला ठेच लागते. वाचायला मात्र मी डोळ्यांनीच वाचायची. बोटांना ते कधी जमलं नाही.

चार वर्षांपूर्वी भुरी म्हातारी होऊन गेली. शेवटच्या दिवसांत तिलाच दिसेनासं झालं होतं आणि दमयंती तिला उचलून उन्हात ठेवायची. त्या फेरीत पाचही जणांनी फक्त भुरीवर लिहिलं. जिचं भुंकणंही ऐकलं नाही तिच्यासाठी मी रडलो, असं बापूरावांनी लिहिलं होतं. दमयंतीने दुसरं कुत्रं पाळलं नाही. काठीने चालायची, धुऱ्यावर मात्र जाईनाशी झाली.

यंदा तिला ताप आला. हिवताप आमच्याकडे सगळ्यांनाच येतो, दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ती बरळू लागली. दिवाकरने जीपने भंडाऱ्याला नेलं, पण पोचेपर्यंत शुद्ध गेली होती, ती परत आली नाही. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वस्तीतल्या बाया पंचशील म्हणून घरोघरी परतल्या होत्या.

चौथ्या दिवशी वही आली. पाळी दमयंतीची होती. दिवाकर गठ्ठा हातात धरून म्हणाला, "बाई, याचं काय करू?" त्या पाच जणांना अजून काही माहीत नव्हतं. वहीत तिच्यासाठी प्रश्न होते, कुणी तिला लोणच्याची कृती विचारली होती. ते त्यांना त्यांच्याच लिपीत कळायला हवं होतं. मी तिच्याच पाटीवर चार ओळी टोचल्या. दमयंती गेली. तापाने. मी तिची मैत्रीण, डोळस आहे. चुका पोटात घाला.

मागच्या आठवड्यात वही फेरा करून परत आली. दिवाकरने ती मला देण्यासाठी ठेवली होती. पाचही पानं तिच्याबद्दल. चंद्रपूरच्या सईदाने लिहिलं होतं, की ही जागा रिकामी ठेवू नका, तिच्या पत्त्यावरून तुम्ही लिहीत जा, डोळस असलात तरी चालेल. बापूरावांच्या पानासोबत एक जुनं पान जोडलेलं होतं. त्यांनी कळवलं होतं, की प्रत्येकाने आपलं पान परत घ्यायचं हा नियम मोडून पहिल्या वर्षीचं दमयंतीचं हे पान मी ठेवून घेतलं होतं. ते आता तुमच्याकडे असावं, असंही त्यांनी म्हटलं होतं. माझ्याशी ती बोलत नव्हती त्या दिवसांतलं ते पान. त्यात होतं: "माह्या मैत्रिणीनं माझं नाव सांगितलं. मी तिच्याशी बोलत नाही. पण ती पोरगी बुडाली असती तर ही वही लिहायले मी उरली नसती. हे तिले सांगाची हिंमत होऊन नाही राहिली."

हे मी तिच्याच खोलीत वाचलं. दिवस मावळत होता आणि वीज गेलेली. खोलीत सगळं जागच्या जागी होतं, बाज, पाटी, माठ. गावात वीज येऊन-जाऊन असायची, आणि तिचा एक नेम होता: संध्याकाळी माझी पावलं अंगणात वाजली की ती आधी उठून कंदील पेटवायची. स्वतःसाठी तिला त्याचा काही उपयोग नव्हता. काच पुसलेली, तेल भरलेलं, काडीपेटी उजव्या हाताच्या कोनाड्यात. मी आत आले की कंदील लागलेला असायचा, आणि मला कधी त्याचं नवल वाटलं नाही. त्या संध्याकाळी तो कुणी लावला नाही. पानावरचे ठिपके बारा-तेरा वर्षांत बसून गेलेले, शेवटच्या ओळी डोळ्यांना दिसेनात. मी उठले आणि कोनाड्यात हात घातला. काडीपेटी तिथेच होती. काच पुसलेली होती. तेल काठोकाठ भरलेलं होतं.