चुन्याचा डबा

"मावशी, तू चौथी शिकलीस ना? मग सांग, नकाशा म्हणजे काय?"

मी टेबलावर चहाचे कप ठेवत होते. शिक्षकांची बैठक होती. पाचवीच्या भूगोलात मुख्य काय शिकवायचं, काय गाळायचं, ते ठरत होतं. प्रश्न विचारून मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. सगळेच बघत होते. मी पुढचा कप ठेवला.

"टेमघरहून शाळेत पोचते ना, तोच तिचा नकाशा," एक सर म्हणाले. सगळे हसले.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "शिकून काय राहिलं? ब तुकडीतली पोरं अशाच घरांतली. त्यांना दिशा आणि स्वच्छता पुरे. नकाशा अ तुकडीला ठेवू."

माझी मुलगी ब तुकडीत आहे. मॅडमना ते माहीत आहे.

राग आला नाही. काहीच आलं नाही. रिकामा ट्रे धरून भिंतीशी उभी राहिले.

नकाशा मी पाहिलेला आहे. गणेशपुरीकडे माझं माहेरचं गाव. चौथीत गुरुजींनी शाळेच्या अंगणात चुन्याने अख्खं गाव आखलं. नदी, देऊळ, आळ्या. मग म्हणाले, आपापल्या घरावर जाऊन उभे राहा. पोरं पळाली. मी आमचा बौद्धवाडा शोधत राहिले. तो आखलाच नव्हता.

"गुरुजी, आमचं घर?"

"तुमचं लांब पडतं. तू डबा धर."

चुन्याचा डबा धरून मी कडेला उभी राहिले. सगळं गाव समोर उभं होतं. तेव्हाही काही वाटलं नाही. घरी जाऊन हात धुतले. त्याच वर्षी शाळा सुटली.

"मावशी, कप उचल," मॅडम म्हणाल्या.

मी उचलले नाहीत. "मॅडम, ब तुकडीला पण नकाशा शिकवा."

आवाज फार बारीक निघाला. "काय?" त्यांनी विचारलं. मी परत तेच म्हटलं.

"ते आम्ही बघू. तू तुझं काम कर."

कप तसेच ठेवून मी बाहेर आले. नोकरीचं काय होईल, माहीत नाही.

शनिवारी पालकसभा आहे. दरवर्षी मी दारात पाणी घेऊन उभी असते. या वेळी पालकांच्या बाकावर बसणार. मुलगी शेजारी. तेच वाक्य सगळ्यांसमोर म्हणणार. ऐकू गेलं नाही तर परत म्हणणार. माझ्या मुलीच्या हातात तो डबा जाऊ देणार नाही.