दोऱ्यावरची हळद

आमच्या आरोग्य केंद्रात आम्ही चोवीस जण. एखाद्या गावात कोंबड्या पटापट मरू लागल्या किंवा अनोळखी ताप पसरला, तर आधी कोणी जायचं हे ठरवण्यासाठी आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या तुकडीत सहा जागा होत्या. त्यातली एक मला हवी होती. कोरोनात मी नोंदीच्या टेबलावर बसलो आणि माझ्याहून लहान माणसं आत रुग्णांकडे गेली, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

शिकायचं होतं ते संरक्षक पोशाख घालणं आणि उतरवणं. घालणं सोपं असतं. उतरवायच्या पायऱ्या एकोणीस. डॉक्टर मॅडम हातमोज्यांना तेलात कालवलेली हळद फासायला लावत. हळद म्हणजे जंतू. पोशाख उतरल्यावर अंगावर किंवा कपड्यावर पिवळं दिसलं की नापास. लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ निघतील ते तुकडीत.

चुकांचा तक्ता माझ्याकडे होता. आशाताईंचा हात पदराकडे जायचा, ड्रायव्हरचा मिशीकडे. पहिल्या फेरीत सतरा नापास.

"मामा, तुमी लय बारीक बघायलाव," आमची तरुण परिचारिका म्हणाली. "पास करा, जिलेबी खाऊ घालते."

"आधी हात धू," मी म्हणालो.

माझ्या तिन्ही फेऱ्या स्वच्छ निघाल्या. मॅडमनी स्वतः तपासलं आणि सहांत माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी घरी पूजेआधी सदरा काढला. आमच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, पांढऱ्या दोऱ्यात. ते अंगावेगळं करत नाहीत. आई बाजेवर बसली होती.

"का रं, दोऱ्याला हळद कशाची? या वयात कुणी लगीन लावलं तुझं?"

मी बघितलं. दोऱ्याचा जो भाग कॉलरच्या आत राहतो, तिथे बोटभर पिवळं होतं.

एखादं काम पार पडलं की माझा हात कॉलरमधून दोरा चाचपत आपोआप छातीवरच्या डबीकडे जातो. चाळीस वर्षांची सवय. तिसऱ्या फेरीत वरचा झगा उतरला तेव्हा मला हुश्श झालं असणार आणि दुहेरी हातमोज्यांतले आतले, वरच्यांची हळद लागलेले, अजून हातात असणार. दुसऱ्यांचे हात मी मोजत होतो, माझा मोजायला कोणी नव्हतं. पूजेत हेच लिंग मी तळहातावर घेतो आणि त्याच हाताने आईच्या कपाळाला विभूती लावतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

दोरा धुवायला घेतला. साबण लागला तशी हळद लाल झाली. धुऊन टाकलं असतं तर कोणाला कळलं नसतं, हा विचार मनात आला, हेही लिहून ठेवतो. त्या दिवशी मी आईला विभूती लावली नाही. तिने स्वतः लावून घेतली.

सकाळी मॅडमना म्हणालो, "माझी तिसरी फेरी खोडा."

"तपासलं मीच होतं."

"कॉलरच्या आत बघितलं नव्हतं."

त्यांनी सहाही जणांची फेरी पुन्हा घेतली आणि या वेळी गळ्यातलं सगळं बाहेर काढून पाहिलं. परिचारिकेच्या मंगळसूत्रावर पिवळं, ड्रायव्हरच्या ताविजावर पिवळं. माझ्या दोऱ्यावर पुन्हा.

"मामा, स्वतः बुडलाव ते बुडलाव," ती म्हणाली, "आमाला बी घेऊन बुडलाव."

तक्त्यात विसावी पायरी आली: गळ्यातलं आधी बांधून घ्यायचं, शेवटी कॉलरच्या आत बघायचं. रिकाम्या झालेल्या तीन जागांसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा फेऱ्या आहेत.

आईने लिंग माझ्या दंडाला बांधून दिलं. शेतात राबताना माझे आजोबा तसंच बांधत. पण डबी दंडावर गेली तरी हात अजून छातीकडेच जातो. म्हणून रोज पूजेआधी मी जुना रेनकोट घालतो आणि वीस पायऱ्यांनी उतरवतो. आई समोर बसून लक्ष ठेवते आणि वेळ आली की एवढंच म्हणते, "हात."

काल दहा वेळा केलं. ती दोनदा बोलली.

"म्हंजे आठ बरोबर," ती म्हणाली. "पास का?"

"नाही."

"मग घाल परत."