कुंडल जीप

फोनमध्ये मी पक्षकारांची नावं गावावरून टाकते. आष्टा बांध, आष्टा वाटणी, कुंडल ताई. सांगलीच्या कोर्टात इतकी वर्षं काढली की माणसांची नावं विसरतात, गावं लक्षात राहतात. ‘कुंडल जीप’ हा ग्रुपही तसलाच. तारखेला कुंडलच्या सगळ्यांनी एकाच जीपनं यावं म्हणून मीच काढलेला. लय शहाणी ना मी!

कुंडल ताई म्हणजे नवऱ्याच्या मारातून पळालेली पोरगी. मिरजेत एका दवाखान्यात आयाचं काम करायची, जवळच खोली घेऊन राहायची. “घावले तर जित्ती सोडायचा न्हाई,” असं पहिल्याच दिवशी म्हणाली होती. खोलीचा पत्ता फक्त मला ठाऊक. “माझ्या तोंडून कुठं जायचा नाही,” असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

तो पत्ता बंद पाकिटातून कोर्टाला द्यायचा होता. कागद तयार केला, तिनं एकदा वाचावा म्हणून बाररूममधूनच फोनवरून पाठवला आणि युक्तिवादाला गेले. तासाभरानं बाहेर येऊन बघते तर कागद ‘कुंडल जीप’वर! खाली जीपवाल्याचा अंगठा. तो मेला कशालाही अंगठा लावतो.

कागद पुसला. पण त्याआधीच नऊ जणांनी पाहिला होता, आणि त्यात तिचा चुलतसासरा होता. त्याचा बांधाचा दावा माझ्याकडेच. मी कोर्टाच्या पायरीवरच बसले.

बाररूममधले एक ज्येष्ठ वकील सगळं ऐकून म्हणाले, “गप बसा हो. असले कागद कोण वाचतंय? सांगितलंत तर उगाच तक्रार अंगावर घ्याल.” क्षणभर मला ते पटलं, खोटं कशाला बोलू? वकिलीची सनद गेली तर, हाच विचार आधी आला. तिचा विचार नंतर आला, आणि मग स्वतःचीच एवढी चीड आली!

तिला फोन लावला. बंद. कामावर फोन बंद करून कपाटात ठेवायला लावतात. गाडी काढली आणि मिरजेला निघाले. वाटेत मागून मोटारसायकल आली की वाटायचं, हा तिचा नवराच. आम्ही दोघंही एकाच पत्त्यावर निघालोय.

ती वॉर्डाच्या दारात भेटली. मी सगळं सांगितलं. माझ्या हातून झालं, असंही सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, “आवं मॅडम, कालच पडदं लावलं हुतं खोलीला.”

तासाभरात तिनं खोली सोडली. मी पोहोचवते म्हटलं तर नको म्हणाली, एकटीच रिक्षात बसली. दुसऱ्या दिवशी घरमालकिणीचा फोन आला: सकाळी दोघं जण येऊन तिची चौकशी करून गेले.

मी ताबडतोब तिला फोन करून कळवलं. चुलतसासऱ्याचं वकीलपत्रही सोडलं. मग विचारलं, “नवा पत्ता सांग गं, पाकिटात घालायला हवा.”

“कोर्टाला मी माझ्या हातानं दीन,” ती म्हणाली. “तुमी तारीख तेवढी कळवा, मॅडम. पत्ता आता तुमालाबी सांगत न्हाई.”