तेहतीसवरची तबकडी

वडगावच्या रासाईला मी नवस बोलले होते, "आई, आमच्या आप्पांच्या तोंडून एक तरी शब्द निघू दे. आमच्या राहू गावापासून अनवाणी येऊन तुझी ओटी भरीन." नवस फिटला हो! पण कसा फिटला, ते सांगताना आजही पदरात तोंड लपवावंसं वाटतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी दौंडच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. माझ्या लग्नात तर वरातीपुढं सासराच गाल फुगवून वाजवत होता, बोला!

त्यांना रेल्वेच्या एका ड्रायव्हरसाहेबांनी छोटी परदेशी तबकडी दिली होती. जुनी, सॅक्सोफोनचीच. "सोल जॅझ हाय, पर ठेका लॅटिन!" आप्पा कौतुकानं सांगायचे. मी नुसतं नाव ऐकून होते, कारण घरातला रेकॉर्ड प्लेअर माझ्या लग्नाआधीच बंद पडलेला.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला नि वाचा गेली. म्हटलं, ती तबकडी ऐकून तरी बोलतील. प्लेअर दौंडहून दुरुस्त करून आणला. बटनावर दोनच आकडे, ३३ आणि ४५. आता तुम्हीच सांगा, देव किती? तेहतीस कोटी! मी हात जोडले नि बटन तेहतीसवर ठेवलं.

काय सूर निघाला म्हणता! खोल, जड, काळीज पिळवटणारा. शेजारच्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. आमचे मालक मात्र म्हणाले, "अगं, वरातीत वाजवणाऱ्या माणसाची आवड आन् एवढी रडकी?"

"गप बसा. भक्ती हाय ती. तुम्हाला न्हाई कळायची."

तेवढ्यात आप्पांनी चांगला हात उचलला आणि बोट गोल गोल फिरवलं. मी धन्य झाले! प्रदक्षिणा घालायला सांगतायत! तशीच अंगणात तुळशीभोवती फिरू लागले. खिडकीतून बघते तर बोट आणखी जोरात. मीही वेग वाढवला. रोजचंच झालं ते. त्यांचं बोट थांबेना, मी थांबेना!

एक दिवस यवतहून माझ्या नणंद, सुलूवन्सं आल्या. दारातच घाबरल्या. "वहिनी, कोण गेलं?"

"अहो, आप्पांची तबकडी लावलीय."

"ही? हिच्यावर आम्ही पोरी पलंगावर नाचायचो! आन् तुम्ही अशा पळताय का?"

"आप्पा प्रदक्षिणा घाल म्हणत्यात. बघा की बोट!"

"अवो वहिनी, ही छोटी तबकडी पंचेचाळीसच्या वेगावर लावायची, तेहतीसवर रडकीच वाजणार! बटन फिरव म्हणत्यात ते!"

वन्संनी बटन पंचेचाळीसवर नेलं. अहाहा! तोच सॅक्सोफोन कसा टुणकन उठला! मागं ढोलकीसारखं काहीतरी घुमतंय, खुळखुळे वाजतायत, आणि सूर मध्येच लाडात येऊन वळतोय. आप्पांच्या पायाच्या अंगठ्यानं ताल धरला. गाल फुगले, अगदी वरातीतल्यासारखे. माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि शब्द फुटला. स्पष्ट, खणखणीत.

"चक्रम!"

अनवाणी गेले, ओटी भरली. कुठला शब्द ते मात्र देवीला सांगितलं नाही.

तुमच्याही घरात असं कुणी अबोल झालं असेल, तर नवस जरूर बोला, त्यांची जुनी तबकडी शोधून लावा. एवढंच करा, त्यांनी बोट फिरवलं तर तुळशीकडं पळण्याआधी बटनाकडं बघा.