आडवा पडदा

मुलींच्या जन्मजात दोषांवर दुर्बिणीने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे किस्से कसले असणार, असं लोकांना वाटतं. पण आई, मुलगी आणि लाज अशा तिघी एकदम केबिनमध्ये शिरल्या, की किस्सा आपोआप घडतो. दिल्लीत तर मराठी पेशंट शोधत शोधत माझ्याकडेच येतात.

*

इथेच वाढलेल्या एका मुलीला विचारलं, "ओटीपोटात दुखतं का गं?"

ती गोंधळली. "ओटी तर आईची भरतात ना?"

तेव्हापासून मी सरळ बोट ठेवून विचारते.

*

एकीला जन्मतः दोन गर्भाशयं होती. त्यातल्या एकाची वाट पडद्याने बंद होती. तो पडदा खालूनच दुर्बिणीने काढता येईल, काळजीचं कारण नाही, असं मी समजावलं. आईचा प्रश्न तयार होता, लग्नाच्या वेळी हे सांगावं लागेल का?

मुलगी म्हणाली, "आई, आधी बोर्डाची परीक्षा तर होऊ दे यार."

*

ऑपरेशननंतर एकीच्या सेवेसाठी नागपूरहून आत्या आली, मोठी रजा टाकून. पोटावर टाका नाही, मुलगी क्लासला निघालेली. आत्या माझ्यावरच नाराज. आता मी इथे करू काय, म्हणाली. मी कुतुबमिनार सुचवला.

दोघी जाऊन आल्या. दमली ती आत्या.

*

लक्ष्मीबाई नगरची रेवा पंधरा वर्षांची. पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला पोट धरून बसायची. शाळेत म्हणायचे, बहाणे करते. तपासलं तर योनिमार्गात जन्मापासून आडवा पडदा, मागे रक्त साठलेलं. आईने वडिलांना सांगून टाकलं, अपेंडिक्स आहे. मलाही तसंच सांगायची गळ घातली. मी म्हटलं, खोटं मी बोलणार नाही, काय सांगायचं ते रेवा ठरवेल.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वडील, सावंतसाहेब, मंत्रालयातले अधिकारी, पलंगाशी उभे राहिले. अपेंडिक्स काढलं का, विचारलं.

रेवा म्हणाली, "बाबा, अपेंडिक्स ठीक आहे. पाळीचा रस्ता बंद होता. मॅडमनी उघडला."

आई भिंतीकडे बघत राहिली. साहेब बाहेर गेले. परतले ते नारळपाणी घेऊन. रेवाचं पिऊन होईपर्यंत ग्लास स्वतः धरून बसले.

काही महिन्यांनी ओपीडीबाहेर त्यांचा आवाज आला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मुलीसकट घेऊन आले होते. तो माणूस दारातच अडखळला होता. बायकोला घेऊन नंतर येतो, म्हणत होता.

सावंतसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चलो भाई, अंदर चलो. बाप हो, तुम ही बताओ."